जीभ न घासता

चीनमधलं पहिलं वर्ष संपवून मी सुट्टीला सोलापूरला आले, तेव्हा परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. ते काढायचं की नाही हे आत्या ठरवणार होती.

पप्पांचं नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. तिथे येणारा प्रत्येक जण त्यांना विचारायचा, मुलगी तिकडे डॉक्टरकी शिकते की कराटे? चिनी औषधं आणि कुंग फू, दोन्ही, असं सांगितलं की माणसं जरा कीव आल्यासारखी बघायची आणि टॉवेलचा भाव विचारायची. शेवटी पप्पांनी जाहीर केलं की मोहोळहून आत्या येतेय, तिचा खांदा बरेच महिने धरलाय. पोरीला काहीतरी कळतं असं ती म्हणाली तर जा, नाहीतर इथंच बीएस्सी.

आत्या पप्पांची मोठी बहीण. आमच्या घरातली लग्नं आणि भिंतींचे रंग तिला विचारून ठरतात. तिच्यापुढे मी आजवर ‘हो’ आणि ‘बरं’ एवढंच बोलले होते. तशी मी कुणापुढेच फारशी बोलत नाही. इंग्रजी शाळेमुळे मला दोन भाषांमध्ये गप्प बसता यायचं, चीनमध्ये तिसरी मिळाली.

त्याचा एकदा फटकाही बसला. तिकडच्या वैद्यकात नाडीबरोबर जीभ बघतात. तिचा रंग, तिच्यावरचा थर, यावरून पोटाची अवस्था ओळखतात. पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गासमोर माझी जीभ पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. थर नावालाही नव्हता. इतक्या लहान वयात पोटातला सगळा ओलावा आटलेली मुलगी त्यांनी पाहिली नव्हती. मला सकाळच्या कुंग फूमधून काढून बाकावर बसवलं आणि एक काळा काढा सुरू केला. ओल्या गोणपाटाची चव होती त्याला. मी निमूटपणे प्यायले. मग एका सकाळी आईने व्हिडिओ कॉलवर नेहमीसारखं विचारलं, ‘‘जीभ घासलीस का?’’ माझ्या हातात टंग क्लीनरच होता. सर जो थर शोधत होते, तो मी रोज खरवडून बेसिनमध्ये टाकत होते. हे चिनी भाषेत सांगायला शब्द जुळेपर्यंत आणखी बराच काढा पोटात गेला.

आत्या आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉलमध्ये खुर्चीवर बसली, आई-पप्पा समोर. मी नाडी पाहिली आणि जीभ दाखवायला सांगितलं. जीभ नुकत्याच घासलेल्या पितळी समईसारखी चकचकीत होती. दाखवायची म्हणून तिने खास जोर लावून घासली होती. आईने कौतुकही केलं.

‘पित्त आहे’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पित्त सगळ्यांनाच असतं. पप्पा तर माझ्याकडे तेवढ्याच आशेने बघत होते. पण मला तो काढा आठवला.

‘‘आत्या, काही दिसत नाही. उद्या जीभ घासू नका. चूळही भरू नका.’’

‘‘आन् चहा?’’

‘‘चहा नंतर.’’

आई स्वयंपाकघरात निघून गेली. पारोशा तोंडाने आत्या शेजारणीशीसुद्धा बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गुडघे वाकवून, नसलेल्या खुर्चीवर बसल्यासारखी सरावाला उभी होते. आत्या पदराने तोंड झाकून जिना चढून आली. मला पाहून तिला बरंच काही बोलायचं होतं, पण तोंड धुतलेलं नव्हतं. तिने पदर बाजूला केला. जीभ फुगलेली, कडांना दातांचे ठसे आणि वर जाडजूड पांढरा थर. अगदी पुस्तकातलं चित्र.

‘‘किती सुंदर!’’ मी म्हणाले. आत्याने घाईने पदर ओढून घेतला.

सुया टोचायची परवानगी पहिल्या वर्षाला नसते. रात्री कूलरचा वारा खांद्यावर घेऊ नका एवढं मी सांगितलं, आणि पाण्यातून ढकलल्यासारखा हात हळूहळू वर कसा न्यायचा ते दाखवलं. आत्या हलेना. तिचं लक्ष जिन्याकडे होतं, आई चहा घेऊन आली होती. आत्याने टाकीच्या नळावर चूळ भरली आणि चांगला हात पुढे केला. मी कप उचलला.

‘‘त्या हाताने नाही. दुसऱ्या.’’

मी कप हळूहळू वर नेला, आत्याचा दुखरा हात त्याच्या मागे. कप गोल फिरला, हात गोल फिरला. कानापर्यंत येऊन तो अडकला. आत्या कळवळली. मी कप दिला.

तेवढ्यात पप्पा वर आले आणि त्यांनी विचारलं, काही कळतं का हिला?

आत्याने आधी चहा संपवला.

‘‘खांद्याचं काय न्हाय. दुखतोय तसाच दुखतोय.’’

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी टाकीकडे बघत राहिले.

‘‘पर माज्या तोंडापुढनं चहा काढून घेतला हिनं. ही मुकी पोर. तुला जमलं का रं कदी? धाड की तिला.’’

पप्पांनी त्याच दुपारी दुकानातून तिकीट काढलं. आत्या आठवडाभर राहिली. खांदा तसाच आहे असं सगळ्यांना सांगायची, आणि रोज सकाळी तोंड धुऊन, जीभ घासून, चहाचा कप स्वतःच पाण्याच्या टाकीवर ठेवायची. डाव्या हाताने ठेवायची, उजव्याने काढायची. उजवा दुखरा होता.