वंदनाताईंकडून म्हणवून घेतलेला शब्द

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट ठाऊक नाही.

ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोमागे मी जर्मन शिकवतो. हल्ली विद्यार्थी म्हणजे बहुतेक जर्मनीला निघालेल्या नर्सेस. कळव्याच्या वंदनाताई त्यातल्याच, वयाने सगळ्यांत मोठ्या. नाव नोंदवतानाच त्या हळूच म्हणाल्या होत्या, "सर, मिस्टर वारलेत माझे. क्लासात नका सांगू हां कोणाला. पोरी उगाच बिचारी बिचारी करत बसतात." मी मान डोलावली. शब्दच दिला म्हणा ना.

मग स्वतःची ओळख करून देण्याचा धडा आला. वंदनाताई उठल्या, गळ्यातली पोत सारखी केली आणि जर्मनमध्ये म्हणाल्या — मी विवाहित आहे. वाक्य अगदी बिनचूक. तिथे "छान, बसा" म्हणायला माझं काय जात होतं?

पण मला शब्दांच्या मुळाशी जायची खोड. आणि 'विट्वे' तर माझा लाडका शब्द. जर्मन विट्वे, डच वेदुवे, इंग्रजी विडो — आणि आपली विधवा. सगळ्या एकाच घरच्या. मुळात अर्थ म्हणे वेगळं पडणं, रितं होणं. हे सांगितलं की वर्ग थक्क होतो. आणि मला — आता काय लपवायचं — ते फार आवडतं.

मी म्हणालो, "वंदनाताई, तुमच्यासाठी दुसरा शब्द आहे." फळ्यावर लिहिला. त्यांच्याकडून म्हणवून घेतला. उच्चार चुकला, म्हणून पुन्हा. मग त्यांना तसंच उभं ठेवून सगळं पुराण लावलं — रितं होण्यासकट. पोरी वह्यांत उतरवून घेत होत्या.

चुकून गेलं का तोंडून? नाही. त्यांनी काय सांगितलं होतं, ते मला स्वच्छ आठवत होतं. उदाहरण समोर उभं होतं — सोडवेना.

त्या क्लासला येत राहिल्या. माझ्याशी कामापुरतं बोलल्या. परीक्षा पास झाल्या, जर्मनीला गेल्या.

अजून एक आहे. तेही सांगतो. त्याच तासाला, त्यांच्या आधी, नमुना म्हणून मी माझी ओळख करून दिली होती — मी विवाहित आहे. माझी बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मला कोणी दुसरा शब्द म्हणायला लावला नाही.

परवा नवी बॅच सुरू झाली. पुन्हा तेच म्हणालो.