लाटण्यावरच्या मातीच्या नळ्या

कुंदाकाकी आमच्या मजल्यावरची. साकीनाक्याची चाळ पडली आणि बिल्डरने आम्हा सगळ्यांना अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवलं. पॅसेजमध्ये बारा दारं, सगळी एकसारखी. तिचे यजमान धोंडिरामकाका जन्मभर चाळींवर कौलं चढवत फिरले. साखरेच्या आजाराने डोळे गेले, तरी रोज संध्याकाळी काठी टेकत एकटे खाली कट्ट्यावर जायचे. माणूस तेवढ्यावर खूश होता.

एकदा दारं मोजताना चुकले. थेट माझ्या घरात शिरून सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "कुंदा, च्या टाक गो." मी फिस्सकन हसले. मला मेलीला काही अक्कल! काका काठी चाचपत उठले. मग दोन महिने त्यांनी उंबरठा ओलांडला नाही.

कुंदाकाकीने दाराला घुंगरू बांधलं, पण तसलं चार दारांना आधीच होतं. मग म्हणाली, "रश्मी, ह्यांचा कान मातीचा गं. कौल चढवायच्या आधी टिचकी मारायचे, बारीकशी चीरसुद्धा सुटायची नाही. मी मातीच्या नळ्या करून दारात टांगते. वाऱ्याने वाजतील."

मला वाटलं, झालं, बाईचं डोकं फिरलं. पण ती कुठली ऐकतेय! पवईला ज्या ऋताकडे ती पोळ्या करते, ती मातीकामाचा क्लास घेते. तिच्याकडून माती आणली, भाजून द्यायचंही कबूल करून घेतलं. मग पोळपाट-लाटणं घेऊन बसली. मातीची जाड पोळी लाटायची, सुरीने चौकोन कापायचा, तो बारीक लाटण्याभोवती गुंडाळून कडा जोडायच्या आणि लाटणं अलगद ओढून काढायचं. झकास नळी!

सकाळी बघते तर सगळ्या नळ्या उभ्या उकललेल्या. पुन्हा केल्या, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र ती रडायलाच लागली.

काका कोपऱ्यात बसून ऐकत होते. हात पुढे करून त्यांनी एक नळी मागितली. उकललेल्या कडेवरून बोट फिरवलं, वास घेतला.

"खोबरेल? गो बाये, मोदक वळतंस काय?"

खरंच की! उकडीला हात लावायचा तर आधी तेलाच्या वाटीत बोटं बुडवायची, ही तिची चाळीस वर्षांची सवय. मातीलाही तिने तसंच तेल चोपडलं होतं.

"तेल लाटण्याक लाव," काका म्हणाले, "जोडाक पाणी."

मग काकीने काट्याने कडा खरवडल्या, पाण्याने जोडल्या, आणि काका प्रत्येक जोड चाचपून बघू लागले. एकही नळी सोडली नाही.

भाजलेल्या पाच नळ्या दारात टांगल्या त्या संध्याकाळी काकांनी स्वतःहून काठी मागितली. कुणी सोबत जायचं नाही, अशी ताकीदही दिली. आम्ही दोघी श्वास रोखून आपापल्या दारात. तासाभराने लिफ्ट उघडली. काठी टकटक करत आली, माझ्या दारापाशी थबकली. तेवढ्यात पॅसेजच्या खिडकीतून वारा आला, नळ्या किणकिणल्या, आणि काठी पुढे गेली.

काकांनी दारात उभं राहून एकेका नळीला टिचकी मारली.

"तिसरी बद्द वाजता. चीर आसा तिका, बदल," ते म्हणाले. "आणि च्या टाक गो."

कुंदाकाकी पदराने नाक पुसत आत पळाली. चुकून माझ्याकडे आलेच, तर यावेळी न हसता द्यायचा म्हणून मी एक कप चहा करून ठेवला होता. तो मीच प्यायले. इतका गोड चहा मी कधी प्यायले नव्हते.