तीन देवळांचा एक पेटीवाला

"पेटीवाल्यानं डोळं मिटायचं न्हाईत," असं आमचे पेटीवाले म्हणायचे आणि खरोखरच मिटायचे नाहीत. सगळी मंडळी माना खाली घालून प्रार्थनेत असायची आणि हे पेटीच्या भात्यावर हात ठेवून टकामका सगळ्यांकडे बघत बसायचे. कोण डुलक्या घेतंय, कोण पायानंच चप्पल शोधतंय, सगळं त्यांना ठाऊक. उपासना सुटली की मला बाजूला घ्यायचे.

"मास्तर, आज प्रार्थनेत तुमी दोनदा घड्याळ बघितलं."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"मी? मी ड्यूटीवर व्हतो."

ड्यूटी हा शब्द त्यांनी पलटणीतून आणलेला. तरुणपणी ते पलटणीच्या बँडात होते. पेन्शन घेऊन गावी आले ते ताठ कणा, वर वळवलेल्या मिशा आणि एक बाजाची पेटी घेऊन. पेटी बिघडली की एसटीनं मिरजेला न्यायचे आणि येताना तिचं वेगळं तिकीट मागितलं म्हणून कंडक्टरशी भांडून यायचे.

आमचं गाव तासगावपासून जवळच. गावात ख्रिस्ती घरं तीसएक असतील, पण देवळं तीन. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. हे असं का, ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. पूर्वी दोनच होती, एक आमचं मिशनचं आणि एक फादरांचं, म्हणजे कॅथलिकांचं. सत्तरच्या सुमारास वरून निरोप आला की, वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्यांनी आता एक व्हायचं आहे. आमच्या मंडळीत हात वर करून मत घेतलं. निम्मे हात वर झाले, निम्मे खाली राहिले. खाली राहिलेल्यांनी पुढच्याच रविवारी ओढ्यापलीकडे पत्र्याचं वेगळं देऊळ घातलं. एकीकरण झालं आणि आमच्या दोनाची तीन देवळं झाली.

पेटी मात्र गावात एकच आणि ती वाजवणाराही एकच. त्यामुळे तिन्ही ठिकाणच्या उपासनेच्या वेळा त्यांच्या सायकलवर ठरायच्या. फादरांकडे सात, आमच्याकडे नऊ, पत्र्याच्या देवळात अकरा. सायकल पंक्चर झाली की तिन्हीकडचे ख्रिस्ती एकाच माणसाच्या नावानं बोटं मोडायचे. तेवढी एकी होती.

खरी पंचाईत अकरा वाजता असायची. पत्र्याच्या देवळाचे पुढारी म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. मत घेतलं त्या दिवशी धाकट्याचा हात वर गेला आणि थोरल्याचा खाली राहिला. तेव्हापासून थोरले त्यांच्याशी बोलत नव्हते. पण गाणं कोणतं घ्यायचं हे पेटीवाल्याला सांगावं तर लागणारच. त्यासाठी थोरल्यांनी शाळकरी दगडी पाटी ठेवली होती. गाण्याचा नंबर खडूनं लिहायचा आणि पाटी वर धरायची. चाल रेंगाळली तर पाटीवर 'जलद' यायचं. एकदा 'मिशी नीट कर' असं आलं होतं म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही.

"सहा वर्षं झाली मास्तर, दादाचं अक्षर सुधारलं, पण तोंड उघडंना," ते हसत सांगायचे. मग हसू ओसरायचं. "मी साठीला आलो, दादा सत्तरीला. दोघांतला एक गेल्यावर बोलून काय उपेग?"

फादरांकडून त्यांना कळलं की जानेवारीत जगभर सगळ्या पंथांचे ख्रिस्ती एकत्र बसून ऐक्यासाठी प्रार्थना करतात. झालं. नाताळ महिन्यावर आला होता. तिन्ही देवळांत त्यांनी उभं राहून जाहीर केलं, "जानेवारीत एका जागी बसायचं कबूल करा, न्हाईतर नाताळात पेटी उघडणार न्हाई." पेटीवाचून नाताळ ही कल्पनाच कुणाला करवेना. फादर हसून तयार झाले. आमचे पाळक प्रार्थना करून सांगतो म्हणाले आणि चहा निवायच्या आत हो म्हणाले. थोरल्यांकडे मला धाडलं.

ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. "एकीचं नाव काढू नका माझ्याफुडं," म्हणाले. चार शेंगा फोडल्या आणि विचारलं, "त्यो लुकडा वाजवणार हाय का?"

"तेच वाजवणार."

"मग बघू."

जागेवरून मात्र महिनाभर घोळ चालला. कुणीही दुसऱ्याच्या देवळात यायला तयार नाही. शेवटी पाटलांनी आपलं बेदाण्याचं शेड दिलं. द्राक्षं उतरायला अजून अवकाश होता, शेड मोकळंच होतं. "आमच्या वाळवणाला तेवढीच पुण्याई," पाटील म्हणाले.

सगळे आले. थोरलेही आले, काखेत पाटी घेऊन, आणि सगळ्यांत मागे बसले.

सुरुवातीलाच गोंधळ झाला. फादरांची माणसं गुडघे टेकायची तेव्हा आमची उभी असायची, आणि आमची खाली बसेपर्यंत ती उठलेली असायची. आमच्या पाळकांची प्रार्थना इतकी लांबली की पाटलांचा कुत्रा येऊन, सगळ्यांना हुंगून, परतही गेला. मग प्रभूची प्रार्थना. ती तरी तिघांची एक, असं आम्ही धरून चाललो होतो. पण फादरांचे लोक ती जिथे संपवतात तिथून पुढे आमची एक ओळ असते. ते आमेन म्हणून थांबले आणि आम्ही जोरात पुढे गेलो. एकमेकांकडे चोरून बघणं झालं. त्यांच्यातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आजून ऱ्हायलंय व्हय ह्यांचं? होऊ द्या, होऊ द्या." सगळं शेड हसलं. त्या हसण्यानं लोक जरा सैल झाले, एकमेकांना सरकून जागा देऊ लागले.

आता पत्र्याच्या देवळाचं गाणं. थोरले उठले, पाटीवर नंबर लिहिला आणि पाटी वर धरली.

पेटीवाल्यांनी डोळे मिटले.

मी शेजारीच होतो. त्यांचे मिटलेले डोळे मी पहिल्यांदाच पाहत होतो. पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं तयार, पाठ ताठ, पण वाजवायचं नाव नाही. थोरल्यांनी पाटी आणखी वर धरली. मग हलवली. मग पाटीवर टकटक केली. मी पेटीवाल्यांना कोपरानं ढोसलं, कारण थोरले जर पाटी टाकून निघून गेले असते तर पुन्हा कधीच आले नसते.

"एकशे बारा," थोरले घोगऱ्या आवाजात म्हणाले.

पेटीवाल्यांनी डोळे उघडले नाहीत. "काय? ऐकू न्हाई आलं."

"बहिरा झालास व्हय रं बारक्या? एकशे बारा!"

"आत्ता आलं दादा," ते म्हणाले आणि वाजवू लागले. डोळे अजून मिटलेलेच होते, पण मिशांवरून पाणी ओघळत होतं. गाणं कुणी कुठल्या चालीत म्हटलं, देव जाणे. मी तर रडतच होतो.

देवळं काही एक झाली नाहीत. आजही तीनच आहेत. पण जानेवारीत शेडात बसणं सुरू झालं ते राहिलं. पेटीवाले त्यानंतर चार वर्षं आमच्यात होते. मग सांगलीच्या दवाखान्यात छातीच्या दुखण्यानं गेले. थोरले अखेरपर्यंत उशाशी होते आणि अखंड बोलत होते, असं तिथल्या नर्सबाईंनी मला सांगितलं.

त्या जानेवारीत सगळे पुन्हा शेडात जमलो. पेटीवर फादरांकडची एक तरुण शिक्षिका बसली होती. थोरले आता पुढे, तिच्या अगदी समोर बसले होते. त्यांची पाळी आली. "एकशे बारा," ते खणखणीत म्हणाले. मुलीनं मान हलवली आणि सूर धरला. थोरल्यांनी हात करून तिला थांबवलं आणि तेवढ्याच खणखणीत आवाजात पुन्हा सांगितलं, "एकशे बारा."

मी हळूच म्हटलं, "दादा, तिला ऐकू आलं पहिल्यांदाच."

"तिला आलं वो," ते म्हणाले. "त्याला दोनदा सांगावं लागतं."