बोटमास्तर आणि माझी सही

ठसेतज्ज्ञ म्हणून आमच्या साहेबांचा केवढा दबदबा! पण ऑफिसात सगळे त्यांना बोटमास्तर म्हणायचे, अगदी तोंडावर. ते रागवायचे नाहीत. उलट भिंग डोळ्याला लावून म्हणायचे, “बघू गं तुझा अंगठा, चोरटीच दिसतेस.” हसून हसून माझी मुरकुंडी वळायची. काय दिवस होते ते! आता ठसे पडद्यावर येतात आणि सगळे तोंड शिवल्यासारखे बसतात.

मला त्यांच्या हाताखाली सहावं वर्ष होतं. एका शाळकरी मुलीचा खून झाला होता, आणि तिची आई तीन दिवस आमच्या बाहेरच्या बाकावर बसून होती. मास्तर पाणी द्यायला गेले, तर तिनं त्यांचा हात धरला तो सोडेचना. मास्तरांनाही तेवढ्याच वयाची मुलगी होती. त्याच दुपारी त्यांनी प्रेताजवळच्या बाटलीवरचा अर्धवट ठसा शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या ठशाशी जुळवला.

नियमाप्रमाणे दुसरी तपासणी माझी. मी भिंग लावलं खरं, पण अहवालावर मास्तरांची सही आधीच झालेली, आणि बाहेर ती माऊली! मी डोळे झाकून सही ठोकली. ड्रायव्हर “मी काही केलं नाही हो” म्हणत आत गेला. त्या दिवशी आम्ही दोघं पोटभर जेवलो, खोटं कशाला बोलू?

सात महिन्यांनी खटला उभा राहायची वेळ आली. सरकारी वकील फाशीच मागणार होते. साक्षीच्या तयारीसाठी मास्तरांनी फाईल घरी नेली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर जुळवलेल्या ठशांच्या जोड्यांचा एक गठ्ठा टाकला. “जुन्या घरफोड्या आहेत. बघून टाक जरा.”

चौथ्या जोडीला मी अडले. “हे काय मास्तर? इथे रेघ फुटलीय, तिथे सरळ गेलीय. माणूसच वेगळा! कुणा दिवट्यानं जुळवलं हे?”

त्यांनी त्या खुनाची फाईल उघडून पुढे ठेवली. दोन सह्या. एक त्यांची, एक माझी.

माझं तोंड सुटलं. “सरळ सांगायला काय धाड भरली होती तुम्हाला?”

“सांगितलं असतं तर तू पुन्हा माझंच ऐकलं असतंस,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी ठसा बघितलाच नाही गं. मला ती बाई दिसत होती.”

“निवृत्तीला सहा महिने राहिलेत. नाचक्की होईल हो तुमची.”

“होऊ दे. त्याचा जीव जायचाय.”

आम्ही दोघांनी अहवाल मागे घेतला. ठशावाचून पुरावाच नव्हता, ड्रायव्हर सुटला. मास्तरांवर इतका जीव मला त्याआधी कधी नव्हता.

आठवड्यानं ती आई आली. मला वाटलं, शिव्यांची लाखोली वाहील. तिनं मास्तरांपुढे उभं राहून एवढंच विचारलं, “मग कोण?”

चाळीस वर्षं बोटांवरून माणसं ओळखणारे मास्तर खाली मान घालून उभे होते.

“माहीत नाही, ताई,” ते म्हणाले. “तेव्हाही नव्हतं.”