आटे गेलेलं पेन

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, मागच्या हिवाळ्यात जिना चढताना धाप लागायला लागली. कुरुळीतल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. नारळ फोडून तिचं उद्घाटनही झालेलं आहे, फक्त ती चालत नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "सिगारेट आजपासून बंद. नाहीतर पुढच्या वेळी उचलून आणावं लागेल."

वहिनीच्या भावाने दुबईहून ई-सिगारेट आणून दिली. पेनासारखी दिसते म्हणून घरात तिला पेनच म्हणायचे. खाली बॅटरी, वर निकोटिनचा रस भरायची नळी, दोन्ही आट्यांनी जोडलेलं. डॉक्टरांना कोणी विचारलं नाही. ते काय म्हणतील हे सगळ्यांना माहीत होतं. पण दादाने सिगारेटचं पाकीट टाकलं ते खरंच टाकलं. वहिनी स्वयंपाक करताना पुन्हा गुणगुणायला लागली.

दादा आणि मी चाकणला एकाच कंपनीत आहोत. मी स्टोअर्सला, तो लाइनवर चाकांचे नट आवळतो. पान्याने 'कट्' असा आवाज केला की नट पक्का, मग त्यावर पिवळी रेघ. हाताला त्या 'कट्'ची इतकी सवय की पेनात नळी बसवतानाही तो त्याचीच वाट बघायचा.

"अहो, किती आवळताव? ते काय ट्रकचं चाक हाय का?" वहिनी म्हणायची.

"ढिलं राहिलं तर लाइन थांबते."

"इथं कुठली लाइन आली?"

पितळेच्या त्या नाजूक आट्यांतून 'कट्' कधीच आलं नाही. पितळेचा भुगा तेवढा आला. आधी नळी डुगडुगायला लागली, मग ओढताना लागणारा पेनाचा दिवा लागेना. दादाने आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली. आमच्याकडे कुठल्याही सैल आट्यावर हाच पहिला उपचार. नळी झकास बसली आणि पेन पुरतं बंद पडलं, कारण वीज आट्यांतूनच जात होती. टेप काढली. मग टूल रूममधल्या मित्राने डाय फिरवून आटे पुन्हा पाडून दिले.

"घे भावा, एकदम नव्यासारखे."

"अरे, पण नळी आता नुसती वर ठेवल्यासारखी बसतीय."

"ते होणार राव. माल गेला ना थोडा. पण आटे बघ की कसे आलेत!"

यापुढे नळी अंगठ्याने दाबून धरली तरच दिवा लागायचा, तोही मनात आलं तर. दुसरी बॅटरी घ्यावी, तर देशात या वस्तूच्या विक्रीवर बंदी. पिंपरीतल्या मोबाइलवाल्यांनी ती हातात घ्यायच्या आधीच माना हलवल्या. सिगारेट मात्र कंपनीच्या गेटसमोर सुटी मिळते. जनतेच्या प्रकृतीची एवढी बारीक काळजी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

त्याच आठवड्यात सुरक्षा सप्ताह आला आणि कंपनीने 'व्यसनमुक्त कामगार' म्हणून दादाचा सत्कार ठरवला. मोठे साहेब इच्छाशक्तीवर बोलले. त्यांच्या बोलण्यावरून ती स्टोअर्समधून सही करून मिळते असं वाटत होतं. दादाच्या अंगावर पॉलिस्टरची शाल आली, हातात नारळ. टाळ्या वाजल्या. लगेच तो कॅन्टीनमागे गेला. मी पोचलो तेव्हा तो नळी दाबून दाबून ओढत होता. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. दिवा लागला नाही.

"जरा पाय मोकळे करतो," म्हणाला आणि शालीसकट गेटबाहेर पडला. मी मागोमाग.

टपरीवाल्याने काय हवं ते विचारलंच नाही. "लई दिवसांनी, राव! आज नवरदेव का?" म्हणत त्याने दादाचा जुना ब्रँड पुढे केला.

मी "दादा" एवढंच म्हणालो.

"एकच," तो म्हणाला. पहिलीवर दुसरी पेटवली.

घरी वहिनी दारातच होती. सत्काराचा फोटो तिला मोबाइलवर आधीच मिळाला होता, तो तिने माहेरीही पाठवला होता. हसत तिने शाल घ्यायला हात पुढे केला. शाल हातात आली आणि तिचं हसू थांबलं.

"किती?"

"एकच."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बूट काढत बसलो. तिने शालीची नीट घडी घातली आणि आत गेली.

दादा आता लपवत नाही. जेवण झालं की गॅलरीत जातो. त्याचा खोकला सुरू झाला की वहिनी टीव्हीचा आवाज वाढवते.