बंद खोलीतली सुकती

सर्वात आधी माफी मागतो. या सदरात मोठी, अनुभवी माणसं लिहितात. मी सेकंड इयर बीएस्सीचा विद्यार्थी, घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. आमच्या घरात आजवर जास्तीत जास्त लिखाण म्हणजे लग्नपत्रिकेवरची नावं. त्यामुळे चुका होतील... सांभाळून घ्या. तीन वेळा लिहून खोडलं, तरी राहवत नाही म्हणून पाठवतोय.

भुतंखेतं, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. गावच्या जत्रेत बायका घुमायला लागल्या की मी मित्रांसोबत लांब जाऊन उभा राहायचो. हेही भुताचं नाहीच. माझ्या आजीचं आहे.

आम्ही करावे गावातले, सीवूड्स स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. गावाच्या पुढे पामबीच रोड, त्याच्या पलीकडे तिवरांची झाडी आणि मग खाडी. आमचं घर गल्लीत आहे, तळमजला आणि वर एक मजला. आजीची खोली खाली, मागच्या बाजूला. तिला एकच खिडकी, आणि ती उघडली तर हाताच्या अंतरावर शेजाऱ्यांची भिंत. हे मुद्दाम सांगतोय. त्या खोलीतून आभाळसुद्धा दिसत नाही, मग खाडी कुठली!

आजीने जवळजवळ चाळीस वर्षं खाडीत काम केलं. पाणी उतरलं की चिखलात जायचं, खुबे म्हणजे शिंपले वेचायचे, बिळात हात घालून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायच्या आणि डोक्यावर टोपली घेऊन विकायला निघायचं. गुडघे गेले तेव्हा तिने हे थांबवलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डिमेन्शिया असल्याचं सांगितलं. आता तिला वार कळत नाही, जेवली की नाही हे आठवत नाही. मला ती ‘धर्मा’ म्हणते. धर्मा तिचा भाऊ, तो माझ्या जन्माआधीच गेला.

आणि रोज केव्हातरी ती उठायची, स्वयंपाकघरातला कुठलाही डबा उचलायची आणि दाराशी जायची.

“चल रं धर्मा, सुकती लागली.”

सुकती म्हणजे ओहोटी. आम्ही सगळे तिला समजावायला जायचो. आजी, तू आता खाडीत जात नाहीस. आजी, तुझे गुडघे दुखतात. आजी, मी जयेश! जितकं समजवावं तितकी ती चिडायची. एकदा आईला डबा फेकून मारला. आई रडली, आणि दहा मिनिटांनी आजीच तिला विचारते, “कं झाला गं पोरी, कोन बोललं तुला?”

हॉस्पिटलमधल्या समुपदेशक मॅडमनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. वाद घालू नका, तिच्या जगात जा. आणि दिनक्रम ठरावीक ठेवा. घरात पेन धरणारा मीच, म्हणून ती कधी बेचैन होते हे लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

ठरावीक म्हणजे आम्हाला वाटलं घड्याळाचं. रोज सकाळी दहा वाजता मी आजीला रिक्षाने खाडीच्या कडेला न्यायला लागलो. पहिले तीन दिवस झकास. मला वाटलं, जिंकलो! सहाव्या दिवशी तिने पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली.

“भरल्या पान्यावं मना कं आनलंस रं? खुबं कं वर तरंगतान?”

जेट्टीवर जाळं विणत बसलेले गावातले हिराजी आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, “अरे कॉलेजवाल्या, म्हातारी बरोबर बोलते. खाडीचे दहा रोज येगल्या टायमाला वाजतात.”

घरी येऊन मी नोंदी काढल्या. आजीची बेचैनी सुरू होण्याच्या वेळा अशा होत्या – साडेसहा, सव्वासात, आठ, पावणेनऊ... रोज साधारण पाऊण तास पुढे. मी विज्ञानाचा विद्यार्थी, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आबांनी मला कोळ्यांचा हिशोब शिकवला. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की भरती किती वाजता पूर्ण होते ते कळतं. तिथून सुकती लागते. थोडं मागेपुढे होतं, पण चालतं.

आजीच्या वेळा आणि सुकतीच्या वेळा एकच होत्या.

मी खूप कारणं शोधली. कुणी बाहेर बोलत असेल. वास येत असेल. कॅलेंडर बघत असेल... पण तिला वाचता येत नाही. घड्याळ काढून ठेवलं. दार-खिडकी लावून, पंखा मोठा करून मी तिच्यासोबत बसून पाहिलं. ती शांतपणे लसूण सोलत होती. मध्येच थांबली. मान थोडी वर केली, कुणी हाक मारल्यासारखी. मग उठली. “चल रं.”

कारण कळेना, पण उपयोग कळला. आम्ही घराचं घड्याळच बदललं. सुकती लागायच्या आधी आई तिच्यापुढे शिंपले निवडायला ठेवायची, नाहीतर मी तिला खाडीवर न्यायचो. कडेला बसून ती मला शिकवायची – कुठल्या भोकात चिंबोरी, कुठल्यात नुसतं पाणी. माझं नाव न आठवणारी बाई चिखलातलं एकेक भोक ओळखायची! तीन महिन्यांत ती एकदाही कुणाच्या अंगावर आली नाही. पोटभर जेवायला लागली. आई म्हणाली, “मला वाटायचं ती हट्ट करते. ती तर रोज कामावर निघत होती.”

मग माझ्या हातून चूक झाली.

त्या आठवड्यात माझं प्रॅक्टिकल होतं. कॅलेंडर न बघता मी बोटांवर तिथी मोजली आणि आईला सांगितलं, “आज नऊला.” आई निर्धास्तपणे बाजारात गेली, पावणेनऊला परतली. दार उघडं, आजी नाही. मला कॉलेजमधून बोलावलं. अर्धं गाव शोधायला निघालं. ती पामबीच रोड ओलांडून गेली होती... त्या रोडवर गाड्या कशा धावतात ते इथल्या लोकांना सांगायला नको. आबांना ती तिवरांमागे सापडली, गुडघाभर चिखलात. डब्यात अकरा खुबे. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

चाकणला राहणारे माझे काका त्याच दुपारी आले.

“मी तिला नेतोय. तिकडे एक सेंटर बघून ठेवलंय. महिनाभर माझ्याकडे, नंतर तिथं.”

“काका, फक्त एकदा नोंदी बघा...”

“नोंदी? गाडीखाली आली असती तर कुठल्या पानावर लिहिलं असतंस?”

बाबांनी तिचे कपडे पिशवीत भरले. ती काकांची आई होती आणि चूक माझी होती. गाडीत बसताना आजी मला म्हणाली, “धर्मा, तू नाय येत?” तो आठवडा मी नीट जेवलो नाही.

मग एकदा मन घट्ट करून मी कॅलेंडर काढलं. त्या दिवशी माझं कुठे चुकलं? पंचांगात कधीकधी एकच तिथी दोन दिवस येते. एकादशी दोन दिवस होती आणि मी द्वादशी धरली. म्हणजे नऊ नाही, सव्वाआठ. आणि शेजारच्या काकूंनी आजीला गल्लीतून जाताना पाहिलं होतं, ते सव्वाआठच्या सुमारास! घरात सगळ्यांना नऊ माहीत होतं. आमच्या लगबगीवरून तिला कळतं, ही माझी शेवटची शंका होती. तीही गेली. आम्ही चुकलो होतो, ती नाही.

मी काकीला फोन केला. भरती-ओहोटीचं काही सांगितलं नाही. फक्त विनंती केली, आजी दाराशी जाते ती वेळ मला रोज मेसेज कर. काकी साताऱ्याची, तिचा समुद्राशी संबंध नाही. ती बिचारी रोज पाठवायची. ‘आज १०.४०.’ ‘आज ११.२०. आमटीचं पातेलं घेऊन निघाल्या होत्या, आमटीसकट.’ मी इकडे खाडीच्या वेळा लावून बघायचो. चाकण समुद्रापासून किती लांब, मध्ये अख्खा घाट! तरी आजी चालत होती ती आमच्या खाडीच्या वेळेवर.

याचं कारण मला आजही माहीत नाही. आमच्या सरांना विचारलं, ते माझी वही चाळून म्हणाले, “लिहून ठेव.” मॅडम म्हणाल्या, या आजारात नवं आधी पुसतं आणि जुनं उशिरापर्यंत टिकतं. ते पटतं. पण चाळीस वर्षांची सवय आजचं पाणी कसं ओळखेल? कुणाला माहीत असेल तर खरंच कळवा. आणि एक सांगावंसं वाटतं, मी लहान आहे तरी... घरात असं कुणी असेल तर ते कुठे निघालेत हे आधी विचारा. अडवायचं नंतर बघा.

महिना संपायला सहा दिवस उरले होते. सेंटरचा फॉर्म भरून झाल्याचं काकीने सांगितलं होतं. रविवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. मी घाबरतच उचलला.

“जयेश, तुझी काकी मेसेज पाठवते ते पकडलं मी.”

“सॉरी काका...”

“ऐक आधी. आज पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार. पावणेचार. मी पण त्याच खाडीतला आहे ना रे, विसरलो नाही. दुपारपासून पडदे लावून तिच्यासमोर बसलो होतो. टीव्ही बंद, मोबाईल बंद. पावणेचारला उठली. मला म्हणाली, बाळा, तू घरीच थांब, पानी थंड हाय.”

मी वहीत लिहिलं, पावणेचार.

“फॉर्म फाडला मी,” काका म्हणाले. “दाराला घंटी बसवा, जेट्टीवाल्यांना सांगून ठेवा, आणि दर शनिवार-रविवार मी येणार, म्हणजे वहिनीला सुट्टी. उद्या सकाळी निघतोय. आयेला घरी आणतोय.”