थरथरलं तरी पाय काढायचा न्हाई

पहिल्यांदा खटकलं ते एवढंसंच: ब्रेक दाबला आणि पायाखाली पेडल थरथरलं. बिदरजवळच्या कोळारच्या गॅरेजात मी फोन घ्यायच्या कामाला नवीन, गाडी टेस्टला काढलेली. किंचाळून पाय उचलला आणि शेजारी बसलेल्या मेकॅनिक मलप्पाअण्णांना म्हटलं, "अण्णा, गाडी तुटायली!"

"न्हाई ओ, एबीएस हाय ते. तुटायलाव ते तुमी!"

तेव्हापासून असे किस्से इतके साचलेत, की सांगायला बसले तर चहावर साय धरते.

गोष्ट साधी आहे. जोरात ब्रेक मारला की चाकं जाम होतात. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी घसरत सरळच जाते. एबीएस चाक जाम व्हायच्या आत ब्रेक क्षणभर सोडतं, परत धरतं, परत सोडतं. म्हणून पेडल थरथरतं आणि म्हणूनच गाडी वळते. आपण फक्त दाबून धरायचं. फोनवर दिवसभर मी हेच सांगते.

एक काका: "मॅडम, ब्रेक लाथ मारायलाय!"

"गाडी थांबली का?"

"थांबली की! पण लाथ कामून?"

एका शेठजींचा ड्रायव्हर जुन्या जीपवर शिकलेला. ब्रेक दाब-सोड करत पंप मारल्याशिवाय त्याला चैनच नाही. म्हटलं, "मामा, ते काम आता गाडी करते."

"हळू बोला! शेठ ऐकायलेत!"

एका ताईंनी दृष्ट लागू नये म्हणून चाकामागच्या सेन्सरच्या वायरलाच काळा दोरा करकचून बांधला. वायर निसटली, एबीएसचा पिवळा दिवा लागला. अण्णा दोरा कापायला गेले, तर ताई ओरडल्या, "दोरा ऱ्हाऊ द्या, दिवा काढा!"

आणि माझे वडील, आमचे अप्पा! जन्म ट्रॅक्टरवर गेला. परवा नवी कार घेऊन कोहिनूर गावाहून एकटेच बिदरला माझ्याकडे निघाले. निघताना मी फोनवर बजावलं, "काही आडवं आलं तर ब्रेक पूर्ण दाबा. थरथरलं तरी पाय काढू नका. हात स्टिअरिंगवरच!"

"व्हय गं बाई."

यायची वेळ टळली. फोन नुसता वाजतोय. पुन्हा लावला, पुन्हा. अण्णासुद्धा पाना खाली ठेवून उभे राहिले.

शेवटी कुणीतरी उचलला. अनोळखी आवाज, मागं बें-बें.

"अक्का, मी मेंढरंवाला. कळप आडवा गेला, पण मामांनी गाडी बरुबर वळवून थांबवली. एकबी मेंढरू मेलं न्हाई."

"अप्पा कुठंयत?"

"गाडीतच. हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. फोनबी मलाच उचलायला लावलाय. इचारायलेत, पाय आता काढू का म्हणून!"